कॅमेरा कुणाच्या हातात होता?

मे १९४२मध्ये पोलंडच्या वॉर्सा शहरात, भिंत घालून बंद केलेल्या ज्यू वस्तीत, जर्मन कॅमेरामनांचं एक पथक शिरलं. सुमारे चार लाख माणसं तिथे कोंबलेली होती. भुकेने आणि टायफसने रोज मरत होती. पथकाने महिनाभर चित्रण केलं. रस्त्यावर पडलेली प्रेतं टिपली, हाडं वर आलेली मुलं टिपली. आणि त्याच दिवसांत एका हॉटेलात टेबलं मांडून, बऱ्या कपड्यांतल्या ज्यू स्त्री-पुरुषांना जबरदस्तीने बसवून मेजवानीही टिपली. खाटकाच्या दुकानासमोर सुखवस्तू दिसणाऱ्या बायका उभ्या केल्या आणि त्यांच्या शेजारून उपाशी पोरांना जायला लावलं. प्रेक्षकाच्या मनावर ठसवायचं होतं ते एवढंच, की श्रीमंत ज्यू आपल्याच गरिबांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वस्तीच्या ज्यू मंडळाचा प्रमुख अ‍ॅडम चेर्निआकोव याच्या कचेरीतही हे पथक येऊन गेलं, आणि त्याने ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. २२ जुलैपासून त्या वस्तीतली माणसं गाड्यांत भरून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी चेर्निआकोवने आत्महत्या केली.

तो चित्रपट पुरा झालाच नाही. आवाज नसलेली, कच्ची जोडलेली, तासाभराची रिळं युद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या संग्रहात सापडली. पुढची कित्येक दशकं जगभरच्या माहितीपटांनी त्यातली दृश्यं उचलली आणि वॉर्साच्या वस्तीतलं खरं जीवन म्हणून दाखवली. मग १९९८मध्ये आणखी एक रीळ हाती आलं. त्यात काढून टाकलेले तुकडे होते. तेच दृश्य पुन्हा पुन्हा घेतलेलं, तीच माणसं पुन्हा त्याच जागेवरून चालवलेली, मध्येच चौकटीत शिरलेला दुसरा कॅमेरामन. जे आपोआप घडलेलं वाटत होतं ते घडवून आणलेलं होतं.

याएल हेरसॉन्स्की या इस्रायली दिग्दर्शिकेने २०१०मध्ये या रिळांवर ‘अ फिल्म अनफिनिश्ड’ हा माहितीपट केला. त्या वस्तीतून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिने अंधाऱ्या थिएटरात बसवलं, ती रिळं दाखवली आणि त्यांचे चेहरे चित्रित केले. पडद्यावरच्या गर्दीत कदाचित आपली आई दिसेल, या धास्तीने त्यातली एक बाई पाहत राहते. कुणी सांगतं की हे असं नव्हतं, इतकं अन्न कुणाच्याच घरात नव्हतं. त्या पथकातल्या विली विस्ट या कॅमेरामनची युद्धानंतर जबानी झाली होती; तीही चित्रपटात येते. एकच चित्रण आपण तीन बाजूंनी पाहतो: घेणाऱ्याच्या, ज्यांचं घेतलं गेलं त्यांच्या आणि आपल्या स्वतःच्या.

इतिहासावरचा चांगला माहितीपट सुचवा, असं कुणी म्हटलं की मी हे नाव पहिलं घेते. विषय सोपा म्हणून नव्हे, तर इतर सगळे माहितीपट कसे पाहावेत हे हा एक माहितीपट शिकवतो म्हणून. चित्रण म्हणजे हातचं काकण, त्याला आरसा कशाला, असं आपण धरून चालतो. कागदावरच्या बखरीची आपण उलटतपासणी करतो. ती कुणी लिहिली, कुणाच्या पदरी राहून लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, हे विचारायला महाराष्ट्राला इतिहाससंशोधक राजवाडे आणि त्यांच्या पिढीने शिकवलं. मात्र पडद्यावर काळी-पांढरी माणसं हलू लागली की ही सगळी शिस्त आपण बाजूला ठेवतो. चित्रणालाही बखरकार असतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी चालू करायचा, कधी बंद करायचा हे ठरवणारा कुणीतरी माणूस असतो, आणि त्याला पगार देणारं कुणीतरी असतं.

म्हणून माझा आग्रह असा आहे की माहितीपटाची पारख त्यातल्या ‘दुर्मीळ’ चित्रणावरून करू नये. हे चित्रण कुठून आलं, ते कुणी घेतलं आणि कशासाठी घेतलं, हे तो आपल्याला सांगतो की लपवतो, यावरून करावी. टीव्हीवर आणि मोबाइलवर आज इतिहासाचा जो महापूर आहे, त्यातला फार मोठा भाग या एका प्रश्नासमोर टिकत नाही. एका आघाडीवरचे रणगाडे दुसऱ्या लढाईच्या निवेदनाखाली धावतात. एकच आगगाडी, एकच जळतं शहर, एकच रडणारी बाई वेगवेगळ्या देशांच्या आणि सालांच्या नावाने फिरते. दडवलेलं सत्य सांगण्याचा आव आणणारा निवेदक पुरावा कुठला ते मात्र कधीच सांगत नाही. आणि आता तर संगणकावर हवं ते जुनं दिसणारं दृश्य तयार करता येतं, म्हणजे कॅमेराच नव्हता अशीही चित्रणं आपल्यापुढे येणार आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. प्रत्येक चित्रणावर संशय घ्यायला शिकवलं तर लोक कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. छळछावण्या झाल्याच नाहीत म्हणणाऱ्यांचं आयतंच फावेल. मला उलट वाटतं. वॉर्साच्या त्या रिळांतली मेजवानी खोटी होती, प्रेतं खरी होती. हे दोन्ही आपण आज खात्रीने सांगू शकतो ते कुणीतरी रीळ फ्रेम-फ्रेमने तपासलं, रोजनिशीशी ताडून पाहिलं, वाचलेल्यांना विचारलं म्हणूनच. छाननीने तिथल्या यातना पुसल्या गेल्या नाहीत. त्या चित्रणाच्या मालकाने त्यांच्यावर चढवलेला खोटा अर्थ तेवढा गळून पडला. नाकारणारा माणूस एक खोटं दाखवून सगळंच खोटं ठरवतो. अभ्यास करणारा खोटं बाजूला काढतो आणि खरं आणखी पक्कं करतो.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. इतिहासातले अल्पपरिचित प्रसंग सांगा, अशी मागणी नेहमी होते, आणि सांगणारा ते एखाद्या गमतीच्या पोतडीतून काढल्यासारखे सांगतो. पण प्रसंग अल्पपरिचित राहतो त्याला बहुतेक वेळा कारण असतं. आलँ रेने याचा ‘नाइट अँड फॉग’ हा छळछावण्यांवरचा ३२ मिनिटांचा माहितीपट १९५६मध्ये आला, तेव्हा फ्रेंच सेन्सॉरने त्यातल्या एका छायाचित्रावर बोट ठेवलं. छायाचित्र फ्रान्समधल्याच पिथिव्हिएच्या छावणीचं होतं आणि तिच्यावर पहारा देणाऱ्या माणसाच्या डोक्यावर फ्रेंच पोलिसाची टोपी होती. ज्यूंना पकडून देण्यात फ्रेंच पोलिसांचा हात होता हे त्या एका टोपीतून दिसत होतं. शेवटी ती टोपी झाकून चित्रपट दाखवला गेला. मार्सेल ओफुल्सने क्लेर्माँ-फेराँ या एका शहरातल्या लोकांना बोलतं करून ‘द सॉरो अँड द पिटी’ हा चार तासांहून मोठा माहितीपट १९६९मध्ये केला. नाझींच्या अमलाखाली आपण सगळे शूर होतो ही फ्रान्सची आवडती समजूत त्याने मोडली. मूळ टीव्हीसाठी केलेला हा माहितीपट फ्रेंच टीव्हीवर यायला १९८१ साल उजाडलं. फ्रान्समध्ये हा इतिहास अनेकांना माहीत होता. माहीत असलेलं बोललं जाऊ नये अशी व्यवस्था होती.

इंडोनेशियाचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. १९६५-६६मध्ये तिथे कम्युनिस्ट किंवा कम्युनिस्ट ठरवलेल्या किमान पाच लाख माणसांची कत्तल झाली. मारणारे सत्तेवर राहिले. त्यांच्या सरकारने १९८४मध्ये कत्तलीआधीच्या घटनांवर चार तासांहून लांब चित्रपट काढला आणि दर वर्षी ३० सप्टेंबरला तो टीव्हीवर दाखवला. शाळेच्या मुलांना तो पाहावाच लागे. कम्युनिस्टांची क्रूरता त्यात तपशिलाने रंगवलेली होती, नंतर झालेल्या कत्तलीला त्यात जागा नव्हती. १९९८पर्यंत हे चाललं. एका आख्ख्या पिढीच्या डोक्यात त्या वर्षाची जी दृश्यं आहेत ती नटांनी वठवलेली आहेत. जोशुआ ओपनहायमरने ‘द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग’मध्ये (२०१२) मारेकऱ्यांनाच त्यांच्या आवडीच्या चित्रपटांच्या थाटात आपली कृत्यं करून दाखवायला सांगितलं. ते हौसेने करून दाखवतात. हा माहितीपट पाहावा असं मी म्हणेन, पण एकटा पाहू नये. मारेकऱ्यांना इतका वेळ मंच देणं मला शेवटपर्यंत खटकत राहतं. त्याचाच पुढचा ‘द लुक ऑफ सायलेन्स’ (२०१४) मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात मारल्या गेलेल्या एकाचा धाकटा भाऊ, डोळे तपासून चष्मे देणारा माणूस, मारेकऱ्यांच्या घरी जाऊन शांतपणे प्रश्न विचारतो. या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कित्येक इंडोनेशियन सहकाऱ्यांच्या नावाच्या जागी ‘अनामिक’ असं लिहिलेलं आहे.

जिथे चित्रणच नाही, किंवा आहे ते फक्त जुलूम करणाऱ्यांचं, तिथे काय करायचं? गेल्या काही दशकांतले सगळ्यात श्रेष्ठ ऐतिहासिक माहितीपट याच प्रश्नातून जन्मले. क्लोद लान्झमानने ज्यूंच्या संहारावरच्या ‘शोआ’ (१९८५) या नऊ तासांहून मोठ्या चित्रपटात जुनं चित्रण एक सेकंदही वापरलं नाही. त्याच्यापुढे साक्षीदार आहेत, आज गवत उगवलेल्या जागा आहेत, आणि राऊल हिल्बर्ग हा इतिहासकार रेल्वेचा एक साधा कागद हातात धरून, कोणती गाडी कुठून भरून निघाली आणि रिकामी कुठे परतली हे ओळीओळीने वाचून दाखवतो. प्रेतं न दाखवता एवढं भय पडद्यावर दुसऱ्या कुणी उभं केलेलं मी पाहिलेलं नाही.

पण ज्याच्याविषयी सविस्तर लिहावं असा माणूस म्हणजे कंबोडियाचा रिती पान्ह. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी नॉम पेन्ह रिकामी केली. लाखो माणसांना खेड्यांकडे हाकललं. रिती तेव्हा मुलगा होता. पुढच्या चार वर्षांत त्याचे आईवडील, भावंडं, घरातली लहान पोरं भुकेने आणि आजाराने गेली. वडील शिक्षण खात्यात होते. माणसाने खाण्याजोगं नाही ते मी खाणार नाही, असं म्हणून त्यांनी अन्न सोडलं आणि ते गेले. १९७९मध्ये रिती थायलंडच्या छावणीत पोचला आणि तिथून फ्रान्सला. त्या चार वर्षांचं चित्रण उपलब्ध आहे, पण ते राजवटीचं आहे. डोक्यावर माती वाहणाऱ्या, एका तालात काम करणाऱ्या माणसांच्या रांगा, नवे बांध, टाळ्या वाजवणारे नेते. उपाशी माणूस त्यात नाही.

‘द मिसिंग पिक्चर’ (२०१३) या चित्रपटात पान्ह मातीच्या बाहुल्यांनी ते न घेतलेलं चित्र उभं करतो. सारिथ मांग या शिल्पकाराने त्या हाताने घडवल्या आणि रंगवल्या. त्यांना हलवलेलं नाही. त्या उभ्याच्या उभ्या असतात आणि कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो. रंगीत सदऱ्यातला एक मुलगा काळ्या कपड्यांच्या गर्दीत दिसतो. वडील पांढऱ्या कपड्यात दिसतात. राजवटीची रिळंही तो वापरतो, आणि त्यांच्याकडे नीट पाहायला लावतो. ही बाई ठेचकाळली पाहा, हा मुलगा किती रोड आहे पाहा. प्रचारासाठी घेतलेल्या चित्रणातही कॅमेऱ्याला न आवरलेलं काहीतरी शिरलेलं असतं, आणि ते ओळखायला त्या शेतात उभं राहिलेला माणूस लागतो. कान महोत्सवात त्या वर्षी ‘अन सर्टन रिगार्ड’ विभागाचं पहिलं पारितोषिक या चित्रपटाला मिळालं. त्याचा आधीचा ‘एस-२१’ (२००३) कठीण आहे. ज्या तुरुंगातून जेमतेम काही जण जिवंत बाहेर आले, त्यातला व्हान नाथ हा चित्रकार आपल्या जुन्या पहारेकऱ्यांसमोर बसतो आणि आपण काढलेली चित्रं दाखवून विचारतो. पहारेकरी रिकाम्या कोठडीत जाऊन रोजचं काम करून दाखवतात: दार उघडणं, ओरडणं, कडी लावणं. हे हात विसरलेले नाहीत.

आता जरा आपल्याकडे येऊ. पहिल्या महायुद्धावरचा पीटर जॅक्सनचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) आपल्याकडे बराच पाहिला गेला. शंभर वर्षांपूर्वीचं चित्रण रंगवून, वेग दुरुस्त करून त्याने सैनिकांना जिवंत केलं, आणि ते काम थक्क करणारं आहेच. पण तो पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश सैनिकाचा चित्रपट आहे. भारतातून दहा लाखांहून अधिक माणसं त्या युद्धासाठी समुद्रापार गेली, सत्तर हजारांहून अधिक परतली नाहीत. त्यांना शोधायचं असेल तर मी फिलिप शेफनरचा ‘द हाफमून फाइल्स’ (२००७) सुचवते, जो इकडे फारच थोड्यांनी पाहिलाय.

बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फला जर्मनांनी ‘अर्धचंद्र छावणी’ उभारली होती. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यातून पकडलेले मुसलमान आणि भारतीय सैनिक तिथे ठेवले जात. त्यांना आपल्या राज्यकर्त्यांविरुद्ध उठवावं हा हेतू होता. त्यासाठी १९१५मध्ये तिथे लाकडी मशीदही बांधली. विल्हेल्म डोएगेन याच्या पुढाकाराने जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी छावण्यांमधल्या कैद्यांचे आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले. बोलीभाषांचे नमुने म्हणून घेतले. माणसं त्यांच्या लेखी नमुनेच होती. ११ डिसेंबर १९१६ला मल्लसिंग नावाचा पंजाबी सैनिक त्या कर्ण्यासमोर उभा राहिला. त्याने स्वतःविषयी सांगितलं, पण परक्या माणसाविषयी सांगावं तसं: एक माणूस होता, हिंदुस्थानात तो लोणी खायचा, मग तो युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडलं, आता त्याला घरी जायचंय. दीड मिनिटाच्या आत सगळं आलं. शेफनर हा आवाज ऐकवतो तेव्हा पडदा पुष्कळदा काळा ठेवतो. नसलेलं चित्र भरून काढायचा मोह तो टाळतो, आणि म्हणून तो आवाज कानातून जात नाही.

महाराष्ट्राला याच युद्धातला एक प्रसंग अगदी जवळचा असायला हवा होता: कुतचा वेढा. हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन, जिचं नावच पूना डिव्हिजन होतं, १९१४च्या नोव्हेंबरात बसऱ्याला पोचली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंडने ती बगदादच्या दिशेने पुरेशा पुरवठ्याशिवाय पुढे नेली. टेसिफॉनला मार खाऊन ती तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात परतली आणि ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांनी तिला वेढलं. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. भारतीय सैनिकांतल्या बहुतेकांनी धर्मामुळे घोड्याचं मांस खायला नकार दिला, त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. विमानातून धान्य-पीठ टाकायचा प्रयत्न झाला, तो अपुरा पडला. वेढा उठवायला आलेल्या फौजेची २० हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांत बहुसंख्य भारतीय होते. तिथून बगदाद, मोसूल करत वाळवंटातून पायपीट, आणि रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर मजुरी. ब्रिटिश शिपायांतले निम्म्याहून अधिक कैदेत मेले. भारतीयांची मोजदाद तितक्या काळजीने झालीच नाही.

वेढ्यात सरकारी कॅमेरामन नव्हता. म्हणून कुत पडद्यावर नाही, आणि पडद्यावर नाही म्हणून आपल्या डोक्यात नाही. पण पुरावा नाही असं कुठे आहे? बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरमधला शिशिर प्रसाद सर्वाधिकारी हा तरुण कुतमध्ये होता. कैदेतल्या पायपिटीत त्याने रोजनिशीची पानं फाडून बुटात लपवली, नदी ओलांडताना ती भिजली, आणि त्याने ती पुन्हा लिहून काढली. रास-अल-ऐनच्या परिसरात त्याने आर्मेनियन लोकांची कत्तल आणि वाताहत जवळून पाहिली. एका वंशसंहाराचा हा भारतीय साक्षीदार. त्याचं ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक १९५०च्या दशकात बंगालीत आलं. बंगालने आपला माणूस जपला. मराठा पलटणींतल्या माणसांनी काय लिहिलं, कुणाकडून लिहवून घेतलं, घरी परतलेल्यांनी काय सांगितलं, हे मराठीत एका जागी गोळा करायला हवं होतं. साताऱ्याकडच्या अपशिंग्यासारख्या गावांत युद्धात गेलेल्यांची स्मारकं उभी आहेत. तिथून माहितीपटाला सुरुवात करता येते. रिती पान्हने मातीवर काम भागवलं; आपल्याकडे दगडात कोरलेला मजकूर आहे.

स्वतंत्र भारताची कथाही या प्रश्नापासून वेगळी नाही. आपल्याकडे कॅमेरा लवकर आला. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १९०१मध्ये रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत चित्रित केलं. ते रीळ आज उरलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने प्रचारासाठी बातमीपट काढले, पण तो विभाग १९४६मध्ये बंद झाला. परिणाम असा की १५ ऑगस्ट १९४७ला भारत सरकारपाशी स्वतःचं चित्रीकरण पथकच नव्हतं. त्या रात्रीचं आणि त्या दिवसाचं आपण जे पाहतो ते खासगी चित्रकारांचं आणि परदेशी बातमीपट कंपन्यांचं आहे. फिल्म्स डिव्हिजन १९४८मध्ये सुरू झालं आणि पुढची कित्येक दशकं प्रत्येक थिएटरात मुख्य चित्रपटाआधी त्याचे लघुपट दाखवणं सक्तीचं होतं. धरणं, कारखाने, भेटी, उद्घाटनं. तरीही त्या संस्थेच्या आत राहून काहींनी वेगळं पाहिलं. एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ (१९६७) आजही ताजा आहे. स्वातंत्र्याच्या साली जन्मलेल्या तरुणांना तो एवढंच विचारतो की तुमचं काय चाललंय, आणि उत्तरं कापत नाही.

मराठी माणसाने एक माहितीपट तर पाहायलाच हवा: आनंद पटवर्धनांचा ‘जयभीम कॉम्रेड’ (२०११). ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळीबार करावा लागला, असं पोलिसांचं म्हणणं होतं; चौकशी करणाऱ्या न्या. गुंडेवार आयोगाने ते मानलं नाही. पटवर्धन १४ वर्षं या कथेमागे राहिले. पण हा चित्रपट मोठा होतो तो गाण्यांमुळे. वस्त्यावस्त्यांत, अंगणात, ओट्यावर, लाउडस्पीकरवर म्हटली जाणारी आंबेडकरी गाणी हा या समाजाचा स्वतःचा दस्तऐवज आहे, आणि कुठल्याही सरकारी संग्रहात नसलेला इतिहास त्यांत आहे. दिग्दर्शक कॅमेरा घेऊन गेला, पण सांगणं गाणाऱ्यांच्याच हाती ठेवलं. मला यात वाद घालायलाही जागा दिसते; इतक्या लांब चित्रपटात काही माणसं ओझरती भेटून निघून जातात, त्यांच्यापाशी अजून थांबायला हवं होतं. तरी मराठी समाजावरचा याहून प्रामाणिक माहितीपट मला दुसरा माहीत नाही.

आणि ज्याच्यावर असा माहितीपट अजून व्हायचाय, तो प्रसंग मुंबईतच घडला. १८ फेब्रुवारी १९४६ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध संप सुरू झाला. तो ७८ जहाजांवर आणि २० किनारी ठाण्यांवर पसरला. सुमारे २० हजार नौसैनिक त्यात उतरले. २२ तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि शहर बंद पडलं. गोळीबारात दोनशेंहून अधिक माणसं गेली. परळला कमल दोंदे यांना गोळी लागली. त्या महिला कार्यकर्त्या होत्या. काँग्रेस आणि मुस्लिम लीग, दोघांच्या नेत्यांनी नौसैनिकांना शरण जायला सांगितलं आणि २३ तारखेला सगळं संपलं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दोन्ही पक्षांना हा उठाव अडचणीचा होता, म्हणून तो पाठ्यपुस्तकात चार ओळींत राहिला. विवान सुंदरम यांनी २०१७मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहाजाच्या सांगाड्यासारखी एक रचना उभारून त्या उठावाची कथा आवाजातून ऐकवली. वाट तीच आहे, शेफनरची. पण ते प्रदर्शन होतं, काही दिवसांचं. लालबाग-परळच्या चाळींतून अजूनही या आठवड्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील; ऐकलेल्यांची पिढी आहे, पाहिलेल्यांची जवळजवळ संपली.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कुतहून किंवा बसऱ्याहून आलेलं पत्र, पेन्शनचा कागद, पदक, ‘तलवार’वरच्या कुणाची वही, १९४६च्या फेब्रुवारीतलं छायाचित्र, किंवा आजीच्या आवाजातली जुनी कॅसेट असेल, त्यांनी त्याची प्रत याच वर्षी करून घ्यावी. सोबत चार ओळी लिहाव्यात: हे कुणी लिहिलं किंवा टिपलं, कधी, कुठे, आणि ते आपल्यापर्यंत कसं आलं. मग ती प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे, चलच्चित्र असेल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे, किंवा निदान गावच्या वाचनालयात द्यावी. उद्याच्या दिग्दर्शकाला याच कागदांची गरज पडणार आहे.